पायातलं सिमेंट आणि मी न लिहिलेली ओळ

फिलोमिना,

गेल्या आठवड्यात घराचा ताबा मिळाला. तू गेलीस त्याला बावीस दिवस झाले होते. तुझ्या जागी शेरॉननं सही केली. सही करण्याआधी तिनं बिल्डरच्या कार्यालयातल्या माणसाला विचारलं, "मम्मीचं नाव खोडायचं का?" तो म्हणाला, "ते नंतर बघू, आज फक्त सही करा." मी तिच्या शेजारीच उभी होते. आता रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. हल्ली रडू येतच नाही, नुसतं कुठेतरी बसून राहावंसं वाटतं.

सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या मिस्सानंतर शेरॉन माझ्याजवळ आली होती. "शोभा आंटी, मम्मीबद्दल दोन शब्द बोला ना." एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी, निरोप समारंभांची भाषणं किती केली असतील. पण उठता आलं नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या माहेरच्या माणसांसमोर, चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे. नव्या घरात अजून टेबल आलेलं नाही, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवली आहे.

आपली ओळख झाली तेव्हा तू समोरच्या दारात उभी राहून चपला झटकत होतीस आणि सगळ्या जिन्यात सिमेंटची पूड उडत होती. मला राग आला होता. मी साताऱ्याहून लग्न होऊन नायगावात आलेली, सोळा बिऱ्हाडांच्या त्या चार मजली इमारतीत नवी. मी म्हटलं, "अहो, जरा बाहेर झटका ना." तू म्हणालीस, "बाहेर झटकूनच आले. ही उरलेली आहे." मग हसलीस. तू काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटच्या प्रयोगशाळेत होतीस. रोज ओल्या काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरायचे, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे आणि सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली ठेवून फोडायचे. किती भाराला फुटला ते लिहायचं. सव्वीस वर्षं तू हेच काम केलंस. "मी मोडायचा पगार घेते," असं तू सांगायचीस. आमच्या ह्यांना ते फार आवडायचं. ते तुला 'मोडतोड खातं' म्हणायचे.

आपल्या इमारतीचं दुखणं पहिल्यांदा तूच ओळखलंस. माझ्या स्वयंपाकघरातल्या तुळईचा गिलावा पडला होता. मी गवंड्याला बोलावून पुन्हा लिंपून घेणार होते. तू पिशवीतून एक छोटी फवाऱ्याची बाटली काढलीस, स्टुलावर चढलीस आणि उघड्या पडलेल्या काँक्रीटवर ते औषध मारलंस. म्हणालीस, "काँक्रीट धड असेल तर गुलाबी होईल." आपण दोघी मान वर करून बघत राहिलो. हे दारात चहाचा कप घेऊन उभे होते. काही झालं नाही. नुसतं ओलं झालं. तू पुन्हा मारलंस. मग खाली उतरून स्टूल जागच्या जागी ठेवलंस आणि म्हणालीस, "शोभा, ही लिंपायची गोष्ट नाही."

आपली इमारत बांधली त्या काळी खाडीची वाळू सर्रास वापरायचे, हे तू नंतर सांगितलंस. वाळूबरोबर मीठही आत गेलं, वर खाडीचा वारा, आणि आतलं लोखंड इतकी वर्षं फुगत राहिलं. पुढं तीन वर्षांत जिन्याचा कठडा गेला, गच्चीवरची टाकी खाली उतरवावी लागली, आणि शेवटी इमारत धोकादायक म्हणून रिकामी करायची नोटीस आली. त्याच्या आदल्याच महिन्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आलेला. चार माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. तू पुढं चालत होतीस आणि प्रत्येक वळणावर सांगत होतीस, "इथं जपून, ही पायरी पोकळ आहे."

तू सांडोरला भावाकडे राहायला गेलीस, केळीच्या वाडीतल्या घरात. आम्ही स्टेशनच्या पलीकडे एका टॉवरमध्ये भाड्यानं. ह्यांचा उजवा हात गेला होता, बोलणंही तुटक झालं होतं. पण एक प्रश्न नीट विचारता यायचा. "घरी कधी?" सकाळी विचारायचे, दुपारी जेवताना विचारायचे. मी म्हणायची, होईल लवकर.

आता त्या सभेबद्दल. त्याबद्दल लिहायला बसले आणि मघापासून तुळईबद्दल लिहिते आहे.

पुनर्विकासाचा करार करायच्या आधीची सर्वसाधारण सभा. माझ्या जुन्या शाळेचा वर्ग आपण मागून घेतला होता. सोळाजण मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसले होते. बिल्डरचा माणूस फळ्याजवळ बसला होता. सोसायटीची सेक्रेटरी मी, वही माझ्यासमोर. तू दोन पानांची सूचना लिहून आणली होतीस. तुझं अक्षर मला माहीत होतं, त्यामुळं किती वेळ घालवून ते सुवाच्य काढलंयस तेही कळलं.

तुझं म्हणणं असं होतं: नव्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये निम्मं सिमेंट लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून केलेलं असावं, म्हणजे ज्याला तुम्ही प्लांटवाले स्लॅग म्हणता ते. भिंतींना मातीच्या भाजलेल्या विटा नकोत, राखेच्या विटा असाव्यात. आणि जुनी इमारत पाडल्यावर जो राडारोडा निघेल तो खाडीकाठी तिवरांत न टाकता फोडून, चाळून भरावाला वापरावा.

"का पण?" तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलकाकांनी विचारलं. वाईट मनानं नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

तू उभी राहिलीस. "काका, सिमेंटची गोणी म्हणजे भट्टीत भाजलेला दगड. ते भाजताना जो धूर निघतो तो काही हिशेबातला नसतो. निम्मं सिमेंट वाचलं तर निम्मा धूर वाचला. वीट म्हणजे कुणाच्या तरी भातशेतीतली वरची माती. पण ते सगळं सोडा. आपली जमीन खाडीची आहे. खाली दोन हात खणलं की खारं पाणी लागतं. या मळीच्या सिमेंटमधून मीठ लवकर आत शिरत नाही. आपली पहिली इमारत कशानं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय."

बिल्डरच्या माणसानं तुझं बोलणं खोडून काढलं नाही. तो हुशार होता. म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. फक्त एक सांगतो, हे सिमेंट ताकद हळूहळू धरतं. प्रत्येक स्लॅबमागं आम्हाला जास्त थांबावं लागेल. सगळं मिळून ताबा सात-आठ महिने पुढं जाईल. तुमची तयारी असेल तर आमची काहीच हरकत नाही."

"एवढं नाही लागत," तू म्हणालीस. "मिश्रण नीट बसवलं तर फार तर दोन-तीन महिने."

"लेखी देणार का तुम्ही मॅडम?"

आणि तेव्हा मी बोलले. सेक्रेटरीनं बोलायची गरज नव्हती, मी मत न देता बसले असते तरी चाललं असतं. पण मी उठले आणि म्हटलं, "फिलोमिनाचं सगळं खरं असेल. पण आमच्या ह्यांच्याकडे आठ महिने जास्तीचे नाहीत. दोनसुद्धा नाहीत. त्यांना त्यांच्या घरात जाऊ दे. धुराचं बघायला पुढची माणसं आहेत."

तू माझ्याकडे पाहिलंस. इतकी वर्षं समोरासमोर राहून तू माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतंस. रागानं नाही. सातव्या दिवशी ठोकळा फुटला की आकडा वाचताना तू जशी दिसत असशील, तसं.

मतं घेतली. बारा विरुद्ध चार. तुझी दोन पानं बाजूला पडली. तू बसता बसता शांतपणे म्हणालीस, "माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. कारणासकट." मी हो म्हटलं.

फिलोमिना, मी तो नोंदवला नाही. घरी जाऊन वही उघडली. हे झोपले होते. मी लिहिलं, 'बांधकाम साहित्याबाबत सभासदांनी केलेल्या सूचनांवर चर्चा झाली व करारास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' सर्वानुमते. मी मुलांचे निबंध तपासताना एका चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारणारी बाई. हा शब्द मी चुकून लिहिला नाही. पुढंमागं कुणी विरोधाचं कारण काढून करार अडवला तर, अशी भीती होती. तुझ्या नावानं घर लांबणीवर पडलं तर, अशी. आणि खरं सांगायचं तर तुझं बरोबर होतं हे वहीत राहायला नको होतं मला.

पुढच्या सभेत मी ते वाचून दाखवलं. रीतच आहे तशी, आधीचं इतिवृत्त वाचायचं आणि कायम करायचं. तू तिसऱ्या बाकावर होतीस. मी मान वर करून विचारलं, "कायम करायचं का?" सगळ्यांनी हात वर केले. तूही केलास.

तू भांडली असतीस तर मी भांडले असते. तू सभेनंतर स्कूटर काढलीस आणि सांडोरला निघून गेलीस. नंतर पाच महिने आपण बोललो नाही. फोन माझ्याही हाताशी होता.

आणि एवढं करून झालं काय? जुनी इमारत पाडली, खड्डा खणला आणि काम थांबलं. कसल्याशा परवानगीचा कागद यायचा होता. खड्ड्यात खारं पाणी भरलं, शेवाळ धरलं, बगळे येऊन बसायला लागले. मी बाजारातून येताना पत्र्याच्या फटीतून बघायची. ह्यांना सांगायची, पाया सुरू झालाय. ते डाव्या हातानं माझा हात दाबायचे. परवानगी आलीच नव्हती तेव्हा हे गेले. एका दुपारी, जेवण झाल्यावर. त्या दिवशी त्यांनी विचारलंही नव्हतं, घरी कधी.

तू आलीस. कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. माझ्या जावा, नणंदा साताऱ्याहून पोचायच्या आधी तू आली होतीस. स्वयंपाकघरात गेलीस, भांडी शोधलीस, पेज केलीस आणि वाटी माझ्या हातात देऊन जमिनीवर माझ्या शेजारी बसलीस. मी म्हटलं, "फिलोमिना, मी..." तू म्हणालीस, "आधी पेज घे." मी घेतली. नंतर लोक आले आणि ते वाक्य तिथंच राहिलं. तेव्हापासून मी ते वाक्य पूर्ण करायची संधी शोधत होते असं म्हणणं खोटं होईल. संधी पुष्कळ होत्या.

महिन्याभरानं तू पुन्हा आलीस. या खेपेला हातात फाईल होती. म्हणालीस, "खड्डा तसाही बसून आहे. परवानगी आली की पाया आणि जमिनीलगतचे खांब भरतील. तिथं स्लॅब नाही, साचे लवकर काढायची घाई नाही. म्हणजे उशीर होईल हे कारण तिथं लागूच होत नाही. निदान तेवढं तरी मळीचं सिमेंट घाला, असं आपण मागू शकतो. खारं पाणी तिथंच तर आहे." फाईल मिटलीस. "सोसायटीचं पत्र लागेल. तुझ्या सहीचं."

तू एवढंच म्हणालीस. माझ्या सहीचं. वहीबद्दल चकार शब्द नाही. मी पत्र लिहिलं, तू तांत्रिक भाग सांगितलास, मी तुझी वाक्यं सरळ केली. "इथं 'प्रमाण' लिही, 'मात्रा' नको, ते औषधाचं वाटतं," असं तू मला सांगत होतीस, मराठीच्या बाईला. त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

बिल्डरनं मान्य केलं, कारण त्याचं त्यात फारसं काही जात नव्हतं. पण साइटवरचे सुपरवायझर दिनकरराव मान्य करेनात. पन्नाशीचे गृहस्थ, रत्नागिरीकडचे, आयुष्य साइटवर गेलेलं. म्हणायचे, "बाई, मला माहीत असलेल्या मालावर मी सही करतो. हे तुमचं राखमळीचं मी कधी वापरलं नाही." तू रोज सकाळी सांडोरहून स्कूटरवर यायचीस. ओढणी डोक्याला बांधून, निवृत्तीनंतर कपाटात टाकलेले ते जुने बूट घालून. मी कधी कधी डबा घेऊन यायची आणि तुम्हा दोघांची जुंपलेली बघायची.

पहिल्या भरणीचे ठोकळे तू स्वतः साच्यात भरलेस. सात दिवसांनी ते फोडले तेव्हा मी तिथंच होते. दिनकररावांनी आकडा वाचला आणि कागद तुझ्यापुढं धरला. "बघा. कमी आलाय. मी म्हणत होतो."

"कमीच येणार," तू म्हणालीस. "अठ्ठाविसाव्या दिवशी बघा."

"आणि तेव्हाही कमी आला तर? हे जमिनीत गेलंय बाई, उकरून काढायचं का?"

"तर मी चुकले असं लिहून देईन. माझ्या नावानं."

प्रयोगशाळेतून आपण रिक्षानं परत आलो. तुझे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. मी विचारलं, "खात्री आहे ना?" तू म्हणालीस, "कागदावर आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी पाठवलेलं फोडलं मी, शोभा. काय वापरायचं ते मला कधी कुणी विचारलं नाही. ही पहिलीच वेळ आहे माझ्या मनानं काही जमिनीत घालायची. भीती वाटते." तू घाबरतेस हे मला तोवर माहीत नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तीनही ठोकळे हवे त्यापेक्षा जास्त भाराला फुटले. दिनकररावांनी कागद दोनदा वाचला. जाऊन तिघांसाठी चहा सांगितला, आणि दुसऱ्या भरणीच्या वेळी तुला फोन करून विचारलं, "बाई, कधी येताय? तुमच्याशिवाय सुरू करत नाही."

ही गोष्ट इथं संपली असती तर मीही मिस्सानंतर उठून ती सांगितली असती. पण तुलाच ते आवडलं नसतं. वरचं सगळं नेहमीच्या सिमेंटचं झालं. राडारोड्याचं काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि खाडीकाठच्या रस्त्यानं जाताना तू एकदा स्कूटर थांबवून एका ढिगाकडे बघत राहिलीस. तुझ्यामागं मी बसले होते. ढिगात निळसर रंगाचा गिलाव्याचा तुकडा होता, आपल्या जिन्याचा तोच रंग. असेल, नसेल. तू म्हणालीस, "चल." भिंतींना मात्र हलके राखेचे ठोकळे आले, न मागता. त्यानं काम लवकर उरकतं म्हणून. तू म्हणालीस, "बघ, घाईला जे सोयीचं ते आपोआप हरित होतं." पण ते ठोकळे उघड्यावर भिजले होते, तसेच ओले लावले, आणि आता माझ्या दिवाणखान्यात खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी एक चीर खाली आली आहे. तू असतीस तर नखानं खरवडून म्हणाली असतीस, काही नाही, वाळताना आकसलंय. मला ते ऐकायचं आहे. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही.

मग बिल्डरनं गेटवर पाटी लावली. हिरवं पान आणि 'हरित इमारत'. तू थेट त्याच्या कार्यालयात गेलीस आणि म्हणालीस, "खाली 'फक्त पाया' असं लिहा." तो हसला, त्याला विनोद वाटला. तू हसली नाहीस. बाहेर येऊन गेटपाशी कट्ट्यावर बसलीस. "दमले ग," म्हणालीस. मला वाटलं, त्या माणसामुळं. तेव्हाच तुझं पोट दुखायला लागलेलं होतं, आणि तू ते कुणाला सांगितलं नव्हतंस.

चार महिनेच मिळाले त्यानंतर. इस्पितळात तुझ्या पलंगाशी बसून मी तुला इमारतीच्या बातम्या द्यायची. एकदा तू डोळे मिटून विचारलंस, "बाहेरचा गिलावा किती दिवस भिजवला?"

"सात," मी म्हटलं.

"खरं सांग."

"तीन."

तू नुसतं तोंड वाकडं केलंस. मग तुझा हात चादरीवरून सरकत माझ्या मनगटाशी आला. मला वाटलं, आता. मी म्हटलं, "फिलोमिना, त्या सभेचं इतिवृत्त..."

तू डोळे उघडले नाहीस. "मी ऐकलं होतं ग ते," म्हणालीस. "तू वाचताना."

"मग हात का वर केलास?"

मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "आता नको, शोभा. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या. शेरॉन म्हणाली, मम्मीला बोलायचे कष्ट देऊ नका.

तर ते राहिलं. का केलास हात वर, हे मला आता कधीच कळणार नाही. मी पुष्कळ उत्तरं करून पाहिली. तू माझ्यावर दया केलीस. तू मला सोडून दिलंस. ह्यांची आठवण आली तुला. किंवा तुला वाटलं, सगळे हात वर करताहेत, एकटीनं काय करायचं, कंटाळा आला. हे शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं आणि सगळ्यात जास्त लागतं. सतत एकटीनं बरोबर असण्याचा कंटाळा. तो तुला यायला मीही हातभार लावला.

गेल्या रविवारी नव्या इमारतीतली पहिली सभा झाली. मी उठून सांगितलं की त्या जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे, चार सभासदांचा विरोध होता आणि फिलोमिनानं तो कारणासकट नोंदवायला सांगितला होता, मी नोंदवला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाटीलकाका हळूच म्हणाले, "वहिनी, आता कशाला? ती तर गेली." मी म्हटलं, "म्हणूनच." तुझी दोन पानं माझ्याकडे होती, ती वहीला चिकटवली. त्यानं काही हलकं वगैरे वाटलं नाही. घरी आले, भाजी निवडली.

आज सकाळी मात्र एक झालं, ते तुला सांगायचं म्हणून एवढं लिहिलं. रस्त्यापलीकडची ती पिवळी इमारत, आपल्याच वयाची, तीही आता रिकामी झाली आहे. त्यांचे सेक्रेटरी आले होते, सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त. दिनकररावांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. "तुमच्या इमारतीच्या पायात काहीतरी वेगळं सिमेंट घातलंय म्हणे. बाईंचा आग्रह होता. आम्हाला करारात काय मागायचं ते सांगता का?"

मी म्हटलं, तुम्ही पायापुरतं नका मागू, सगळ्या इमारतीला मागा. ते मान हलवायला लागले. "ताई, आमच्यात म्हातारी माणसं फार आहेत. माझ्या बायकोला उठताबसता येत नाही. आम्हाला लवकर घरात जायचंय. सहा-आठ महिने कोणाकडे आहेत?"

हुबेहूब माझंच वाक्य होतं ते. मी त्यांना खोडू शकले नाही, कारण ते खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, "मीही हेच बोलले होते. माझ्या ह्यांच्यासाठी. काम भलत्याच कारणानं अडकलं आणि ते भाड्याच्या घरातच गेले. घाई करून मला काही मिळालं नाही." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

ते गृहस्थ खाली बघत होते. बाहेर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, ते थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, पाठकोरा कागद काढला, आणि म्हणाले, "सांगा तुम्ही. लिहून घेतो."

मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. मळी किती, ठोकळे कधी फोडायचे, भिजवायचं किती दिवस. दोन ठिकाणी अडले. तिथं जागा सोडा म्हटलं. त्यांनी सोडली.